हातांनी बोलले, माईकवर गेलं

"दार लाव ना. आणि तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतंय, जरा नीट बसव."

मी होते तिथेच थिजले.

घराबाहेरच्या कुणीही मला आजवर हे म्हटलं नव्हतं. माझ्या डाव्या कानात मशीन आहे हे आईला माहीत, मला माहीत आणि डॉक्टरांना. बाकी जगासाठी मी केस मोकळे सोडणारी, हाक मारली तरी न वळणारी शिष्ट तेजल. आणि हा कोण? काळा चष्मा, मांडीवर घडी केलेली पांढरी काठी... याला तर दिसतही नव्हतं!

"कसलं मशीन? मोबाईल असेल."

"मोबाईल असा कुंई करत नाही गो. माझ्या आजोबांचं करायचं." तो हसला. "मी सहदेव. बस की. रडून झालं की चहा मिळेल."

मी रडतेय हेही कळलं होतं त्याला!

पाचच मिनिटांपूर्वी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी मागणीबद्दल विचारलं आणि मला ऐकू आलं पाणी. मी आपली पाणीटंचाईवर बोलत सुटले. सगळा वर्ग हसला. मी बॅग उचलली आणि तळमजल्यावरचं पहिलं उघडं दार दिसलं त्यात घुसले.

ते 'ऐसपैस' होतं. मुलुंडच्या आमच्या कॉलेजातली जुनी टेबल टेनिसची खोली. अपंग विद्यार्थ्यांनी भांडून मिळवलेली, स्वतःच्या हातांनी रंगवलेली. उंबरा काढून टाकलेला, चहाचं टेबल बसल्या हाताला येईल असं. गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी पडद्याआड एक शांत कोपरा. भिंतीवर कुठेही 'जिद्द' वगैरे लिहिलेलं नव्हतं. व्हीलचेअरवरचा एक मुलगा दुसऱ्या व्हीलचेअरवाल्यावर ओरडत होता, "चहा आण की, पाय मोडलेत काय तुझे?" आणि दोघं खिदळत होते.

मी बघतच राहिले. असं... हसायचं असतं यावर?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मग रोजच.

जानकी तिथेच भेटली. तिला अजिबात ऐकू येत नाही, आणि तिच्याइतकी बडबडी मुलगी मी पाहिली नाही. तिने मला खुणांची भाषा शिकवली. आणि सहदेव... तो शेजारी बसायचा. माझ्याकडे न बघणारा पहिलाच मुलगा, ज्याच्यासमोर मी केस सावरत बसले नाही. एके दिवशी उकडलं म्हणून चक्क वर बांधले. मशीन उघडं पडलं. छत काही कोसळलं नाही.

"आज गप्प गं?" तो विचारायचा.

"बोलतेय की जानकीशी. तुझ्याबद्दल."

"चांगलं की वाईट?"

"शिकून घे, मग कळेल."

"मला शिकवायचं तर हात हातात घ्यावे लागतील..."

"हो? मग घे." मी त्याचा हात उचलला आणि जानकीच्या हातात दिला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

जानेवारीत 'ऐसपैस'चा मेळा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला बघायला पाहुणे येणार होते. "केस मोकळेच ठेव," आई म्हणाली होती. "मशीनचं लग्नानंतर सांगू." आणि मी मान डोलावली होती.

मेळ्यात खोली गच्च भरली होती. मी चहाचे कप ठेवून आत आले, तर समोर स्टेजवरून जानकी माझ्याकडे बघून खुणेने विचारत होती – मनात काय चाललंय?

बिचारीला माझा पडलेला चेहरा दिसला, मला वाटलं. इतक्या गर्दीत, इतक्या लांबून, आमचं दोघींचंच बोलणं! मी हातांनी भराभर सांगून टाकलं.

आणि मग ते मला ऐकू आलं. लाऊडस्पीकरवर. खुणांच्या दुभाषी अनुपमा मॅडमच्या खणखणीत आवाजात.

"उद्या मला बघायला येतायत. मला नकोय. मला सहदेव आवडतो. पण त्याला माझे हात दिसत नाहीत, मग सांगू कसं?"

वाट लागली!

जानकी सूत्रसंचालन करत होती. तोच प्रश्न ती सगळ्यांना विचारत होती, आणि अनुपमा मॅडम प्रत्येकाचं उत्तर माईकवर सांगत होत्या. मी तोवर बाहेर चहाच्या गडबडीत होते. मला काही कळलंच नव्हतं!

पळावं म्हणून मी दाराकडे वळले... दारात आई. हातात ब्लाउजपीसची पिशवी. मला टेलरकडे न्यायला आली होती.

मागे खुर्ची सरकली. सहदेव उभा राहिला. त्याने काठी शेजाऱ्याकडे दिली आणि दोन्ही हात वर केले.

अनुपमा मॅडम अडखळल्या. "मला... पण... तू... भेंडी?"

हसण्याचा स्फोट झाला. जानकीने कपाळावर हात मारला. महिनाभर शिकवतेय याला, ती मला खुणेने सांगत होती, महिनाभर!

महिनाभर? माझ्यासाठी?

आई गर्दीतून तडक माझ्यापाशी आली. तिचा हात सवयीने माझ्या केसांकडे गेला, कान झाकायला. केस वर बांधलेले होते. हात तसाच हवेत राहिला. मग तिने आजूबाजूला पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या कानात लालभडक मशीन होतं, त्याला मोती लावलेले.

"ही हातांची भाषा तुला कधी आली?" आईने विचारलं.

"दिवाळीपासून शिकतेय."

"मला वाटलं होतं, लोक हसतील तुला..."

"हसले ना, आई. आत्ताच. मी मेले का?"

ती मटकन खुर्चीत बसली. मग सहदेवकडे बोट दाखवून म्हणाली, "हा काय करतो?"

"वकिली शिकतोय, काकू," सहदेव म्हणाला. "शेवटचं वर्ष."

"तुला नाही विचारलं मी." आईने डोळे पुसले, पर्समधून फोन काढला. "त्या लोकांना कळवते. उद्या येऊ नका म्हणून. तुझं बघू नंतर." आणि ती बाहेर गेली.

मी सहदेवजवळ गेले. त्याचे हात अजून वरच होते.

"भेंडी?" मी म्हटलं.

"चुकलं का गो?"

मी त्याची बोटं हातात घेतली. गार पडली होती. एकेक बोट नीट वळवून, हवं तिथे नेऊन ठेवलं.

"आता काय म्हटलं मी?" त्याने हळूच विचारलं.

अनुपमा मॅडमनी सवयीने माईक तोंडाशी नेला. आमच्याकडे पाहिलं... आणि तो बंद करून टेबलावर ठेवून दिला.