गुलाबाईचा खाऊ

कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या माणसाला पडकी भिंत दिसली, की गुडघे टेकायची घाई होते. ललित आणि हितेंद्र एरंडोलच्या गल्ल्यांत असेच जागोजागी बसत होते. कापसाने भरलेली गाडी, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, उतरतीचं पिवळं ऊन. काही म्हणजे काही सोडत नव्हते. मेघा पुढे चालत होती. गाव तिचं, बोलावणंही तिचंच. गुलाबाईचे दिवस आहेत, घरोघरी मुलींची गाणी चालतात, फोटो झकास मिळतील, असं तिने जळगावच्या ग्रुपवर लिहिलं होतं.

खरं कारण लिहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी फोटो काढायच्या अशाच एका फेरीत तिची धाकटी बहीण डिंपल मळ्यातल्या विहिरीत पडून गेली. तेव्हा तिच्याजवळ एकटा हितेंद्र होता. "सेल्फी काढत होती," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मोबाइल आईने, सुनंदाबाईंनी, हौसेने घेऊन दिलेला. तेव्हापासून सुनंदाबाई स्वतःलाच दोष देत झुरत होत्या. आणि यंदा या शहाण्याने प्रदर्शनात डिंपलचा शेवटचा फोटो लावला. विहिरीचा काठ, भणाणता वारा आणि दोन्ही हातांनी धरलेली ओढणी. मोबाइल कुठेच नाही. मेघाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आईसमोर खरं बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या घरी गाणी संपली आणि मुलींनी झाकलेला डबा पुढे केला. खाऊ ओळखल्याशिवाय मिळायचा नाही, अशी रीत. हितेंद्रने डबा कानाशी धरून हलवला.

"पाणी आहे?"

मुली खिदळल्या. ललितने नुसता आवाज ऐकून "फुटाणे!" म्हटलं आणि मूठभर मिळवले. खडखडीत कोरडे फुटाणे.

दुसऱ्या घरी हितेंद्रने डबा हलवला आणि लगेच खाली ठेवला. रुमालाने कान पुसला.

"काय झालं रे?" ललितने विचारलं.

"खोल वाटतंय."

मेघाने डबा हलवून पाहिला. आत कुरमुरे होते, दुसरं काही नाही. तरी तिच्या हातांना डबा गार लागला.

"उजेड गेला, निघू या," हितेंद्र म्हणाला. पण मुलींनी त्याची बाही धरली. "दादा, आता सुनंदाअक्कानं घर! चला ना!"

मेघा चमकली. डिंपल गेल्यापासून आईने गुलाबाई मांडलीच नव्हती. आज मात्र कोनाड्यात शंकर-गुलाबाई होते, समोर दिवा होता. मुली गाणी म्हणून, लाह्या घेऊन पुढच्या घरी पळाल्या. ललित त्यांच्या मागे गेला. सुनंदाबाईंनी डब्याला पुन्हा झाकण लावलं.

"तू नही वयखं, बेटा. वयख."

ओळखायला म्हणून त्यांनीच डबा हितेंद्रच्या कानाशी धरला. हलवला मात्र नाही.

हितेंद्र ऐकत राहिला.

मग कोणी विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, तसा बोलू लागला.

"हो. मीच म्हणालो, मागे हो."

"हो. काठ दिसत होता मला."

"फ्रेम छान येत होती म्हणून."

सुनंदाबाईंचा हात हलला नाही. "तिन्हा हातमा मोबाइल व्हता?"

"नव्हता. मोबाइल माझ्याकडे होता. मी नंतर पाण्यात टाकला."

मेघाने आईकडे पाहिलं. झालं. आईने ऐकलं. तिला आता रडू यायला हवं होतं.

सुनंदाबाईंनी झाकण काढलं. "बरोबर वयखं," त्या म्हणाल्या. मूठभर लाह्या त्यांनी त्याच्या तोंडात भरल्या.

तो चावू लागला. त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. गढूळ, शेवाळलेलं. डब्यातल्या लाह्या कोरड्या होत्या.

त्याचे डोळे मोठे झाले. हात मात्र मांडीवरून उठत नव्हते.

"खाय बेटा, आखो शे."

दुसरी मूठ. सदरा छातीपर्यंत भिजला. नाकातूनही पाणी येऊ लागलं. बाहेरून ललितची हाक आली, "हितेंद्र, चल रे!"

आईचा हात थांबवायला म्हणून मेघा उठली. तिने दार लोटलं, आतून कडी घातली आणि घरात होत्या नव्हत्या तेवढ्या लाह्या आणून आईजवळ ठेवल्या.