सहाव्या पानाचा वाचक

इंग्लंडमधल्या बॅरो गावच्या इस्पितळात रुग्णांच्या नोंदी सांभाळायला लागून बर्निस टायसनला एकवीस वर्षं झाली होती. त्या मंगळवारी ती चहात बिस्कीट बुडवत असताना डेरिक आला. कोण कुणाची नोंद उघडतं यावर नजर ठेवणं हे त्याचं काम. एरवी तो आधी बिस्किटांचा डबा उघडायचा. आज त्यानं दार लावून घेतलं.

"बर्निस, तुझ्या नावानं महिन्याभरात अकरा वेळा एक नोंद उघडली गेलीय. काम नसताना."

"कुणाची?"

"तुझीच."

ती हसली. "माझं वजन बघायला संगणक कशाला? घरात आरसा आहे की."

डेरिक हसला नाही. स्वतःची नोंदसुद्धा स्वतः उघडायची नाही, हे नव्या मुलींना तीच शिकवायची. नोकरी तर जातेच, संगणकाच्या गैरवापराचा खटलाही होऊ शकतो.

"आता वेळा बघ," डेरिकनं कागद पुढे सरकवला. "सगळ्या दुपारी साडेबाराच्या, तुझ्या खोलीतल्या संगणकावरून. तेव्हा तू खाली कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून मासे खात असतेस!"

"मग?"

"मग मला काही कळत नाही."

प्रत्येक वेळी एकच पान वाचलं गेलं होतं, सहावं. पहिल्या दिवशी मिनिटभर. शेवटच्या दिवशी चाळीस मिनिटं.

तिनं पासवर्ड बदलला. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी इस्पितळानं तिचं खातंच बंद केलं आणि चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसवलं. शुक्रवारी डेरिकचा फोन आला.

"आज परत उघडली. तुझ्याच नावानं. तुझ्या खोलीला कुलूप होतं गं, आणि किल्ली माझ्या खिशात."

"त्या पानावर आहे तरी काय?"

"चौकशीसाठी मी वाचलं ते." त्यानं आवाज खाली आणला. "तुला असं सांगितलं तर मीच गुन्हेगार ठरेन. तू तुझ्या नोंदीच्या प्रतीची रीतसर मागणी कर."

तिनं अर्ज केला. उत्तराला महिना लागणार होता. लहानपणी काढलेले टॉन्सिल्स, एकदा मोडलेलं मनगट. याखेरीज तिला काही आठवेना. कधी वाटे, आपणच जिना चढून वर जात असू आणि विसरत असू. पण मग डेरिकसमोर बसून मासे कोण खातं?

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी पुढच्या दाराच्या फटीतून टपाल आत पडलं. पायपुसण्यावर एकच तपकिरी लिफाफा होता. स्वयंपाकघरात जाऊन तिनं तो फोडला.

सहावं पान वरपासून खालपर्यंत काळं केलेलं होतं. फक्त तिचं नाव आणि पत्ता उघडा. सोबत चिठ्ठी होती:

'या पानावर दुसऱ्या एका व्यक्तीची माहिती आहे. तिनं संमती नाकारल्यामुळे ती झाकली आहे. त्या व्यक्तीनंही स्वतःच्या माहितीची मागणी केली होती. तिची प्रत आजच रवाना केली आहे. त्यात तुमची माहिती झाकली आहे. पत्ता मात्र झाकता आला नाही, कारण तो तिचाही आहे.'

तिनं डेरिकला फोन लावला.

"डेरिक, या घरात मी एकोणीस वर्षं एकटी राहतेय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुझी प्रत मिळाली ना?" त्यानं विचारलं. "एकच आली?"

फोन कानाला तसाच धरून ती पुढच्या दारापाशी आली.

पायपुसण्यावर तसाच दुसरा तपकिरी लिफाफा पडला होता. तिचाच पत्ता. नाव काळ्या शाईनं खोडलेलं.

तो फोडलेला होता. आत काहीच नव्हतं.