खालून आलेली हाक

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझी बायको दिशा सोबत होती. तिला विचारलंत तर ती विषय बदलेल.

गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा रविवार. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या बाजूला डोंगरात एक खोल घळ आहे. मी बिरवाडीत राहतो, कारखान्यात नोकरी करतो. सुट्टीला आम्ही दोघं दुर्बीण घेऊन पक्षी बघत फिरतो.

वरच्या वाडीतले श्रीपतमामा आम्हाला घळीच्या तोंडाशी घेऊन आले. साठीचे असतील. म्हशी चरायला सोडून ते कातळावर बसले.

"मामा, चला की खाली," दिशा म्हणाली.

"नाय ताई. मी हितंच बसतो. तुमी जा, पर ओढ्याच्या खाली उतरू नका. कडा हाय."

सकाळ फार छान गेली. स्वर्गीय नर्तक दिसला. कस्तूर तर किती वेळ शीळ घालत होता.

साडेअकराच्या सुमारास तो मध्येच थांबला...

मग बुलबुल थांबले. तांबट थांबला.

मी ओढ्याकडे पाहिलं. पाणी दगडांवरून वाहत होतं.

पण त्याचा आवाज येत नव्हता...

"या गो ताई... हिकडं हायत पाखरं."

श्रीपतमामांचा आवाज. खालून, कड्याच्या बाजूने.

"मामा कधी उतरले?" म्हणत दिशा निघालीसुद्धा.

मी सहज दुर्बीण वर केली.

मामा वरच होते. त्याच कातळावर. उभे राहून दोन्ही हातांनी आम्हाला वर बोलावत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं... ऐकू काहीच येत नव्हतं.

"या गो..." पुन्हा खालून.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "दिशा, थांब."

माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

धावलो. दगडावरून पडलो, गुडघा फुटला. तिचं मनगट धरून मागे ओढलं तेव्हा तिच्या पायापुढे हातभर गवत होतं. त्यापलीकडे जमीनच नव्हती.

तिला ओढलं आणि पाणी पुन्हा वाजू लागलं.

वर पोचलो. मामा घामाने भिजले होते. मी झालेलं सगळं सांगितलं. वाटलं, ते घाबरतील.

ते उलट जवळ सरकले.

"आवाज माझ्यासारखाच होता?"

"हो."

"नाथू. माझा धाकटा भाव. आमचा आवाज येकच. सात वर्सं झाली. गवत कापाया उतरला तो वर आलाच नाय. लय शोधला." त्यांनी घळीकडे पाहिलं. "मी रोज हितं येऊन बसतो. मला कदी हाक मारीत नाय... काय म्हणाला, परत सांगा."

दिशाने माझा हात दाबला. तरी मी सांगितलं. शब्दन् शब्द.

मागच्या आठवड्यात त्यांच्या बायकोचा, बनुबाईंचा फोन आला.

"दादा, तुमी ह्यांना काय सांगितलंत? आता वर बसत नायत. रोज सकाळी घळीत उतरतात..."

मी फोन घेऊन बाहेर आलो.

"काल मी वरनं हाक मारली. ओ आली." त्यांचा आवाज बारीक झाला. "एकाच टायमाला... दोन बाजूंनी."

मामांना थांबवायला जावं असं रोज वाटतं. दिशा जाऊ देत नाही.

आणि खरं सांगायचं तर, तिने अडवलं की मला बरंच वाटतं.