चार कॅमेऱ्यांचं मशीन

दुकानदाराने काउंटरवर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये निळे-जांभळे दिवे गरागरा पळत होते.

"मॅडम, यावर कुठलाही गेम अगदी लोण्यासारखा चालेल!"

"मला गेम खेळायचाच नाहीये हो," ठकू पुन्हा एकदा म्हणाली. "चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकदम घ्यायचंय. आणि हे दिवे बंद होतात का?"

बाजूला केबल घ्यायला आलेला एक उंच माणूस फसकन हसला. ठकूने वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने हसू अर्ध्यातच गिळलं.

"सॉरी. लोक दिवे वाढवून मागतात, म्हणून... चार कॅमेरे कशाला लागतात तुम्हाला?"

ठकू फिजिओथेरपिस्ट होती. खरं नाव हॉस्पिटलच्या पाटीवर; दादा-वहिनीच्या घरात मात्र ती जन्माची ठकू. चालताना पाय वाकडा पडणारी, टाचा न टेकणारी मुलं तिच्याकडे येत. त्यांची चाल चारही बाजूंनी टिपायची आणि त्यावरून सर्जनने ऑपरेशन ठरवायचं, यासाठी हॉस्पिटलने एक मशीन मंजूर केलं होतं. निवडायची जबाबदारी मात्र ठकूच्या गळ्यात घातली होती, आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तो माणूस मॅचेसचं रेकॉर्डिंग करायचा. दुकानात सगळे त्याला 'कॅमेरेवाला' म्हणत. तो काउंटरवर कोपर टेकून समजावू लागला. "ग्राफिक्स कार्ड साधंच घ्या. तुम्हाला चित्र रंगवायचं नाही, पकडायचंय. चार नळ एकदम सुरू असले, तर बादली मोठी असून भागत नाही, पाणी झटपट पुढे जायला हवं. म्हणून रेकॉर्डिंग साठवायला वेगळी, वेगवान डिस्क, म्हणजे एसएसडी. रॅम भरपूर. नाहीतर मधल्या फ्रेम गळतात."

"गळल्या तर?"

"गेल्याच. परत मिळत नाहीत."

"टाच टेकते ना, तो एक क्षणच मला हवा असतो," ठकू म्हणाली. "नेमकी तीच फ्रेम गळली, तर उरलेलं घेऊन मी काय करू?"

तो कोपर उचलून सरळ उभा राहिला. इतका नेमका प्रश्न त्याला आजवर एकाही आयोजकाने विचारला नव्हता.

"तुमचा उजवा गुडघा दुखतो ना?" ठकूने अचानक विचारलं.

"हो... पण तुम्हाला कसं कळलं?"

"मघाशी दारापासून इथवर चालत आलात की."

"माझ्या चालण्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं."

"धंदाच आहे माझा तो," ठकू म्हणाली खरी, पण तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मशीन जोडायला तो हॉस्पिटलमध्ये आला. मग पंख्यांवरून वाद झाला. त्याला मोठे पंखे हवे होते, तिला आवाज नको होता.

"मुलं दचकतात. दचकलेलं मूल खरं चालत नाही."

"आणि मशीन तापलं तर?"

"तर तुम्हाला बोलवीन."

"मग तापू दे," तो स्क्रूड्रायव्हर फिरवत पुटपुटला. शेवटी पंखे मोठेच बसले, पण सावकाश फिरणारे. आवाज म्हणाल तर माणसाच्या श्वासाइतका.

त्या आठवड्यात ठकूच्या बोलण्यात त्याचा उल्लेख इतक्यांदा आला, की वहिनीने विचारलंच. "मशीनला वॉरंटी आहे ना? मग जोडणारा रोज कशाला लागतो?"

"सेटिंग बाकी आहे, वहिनी."

"असं होय! सेटिंग!" वहिनीने भुवया उडवल्या, आणि ठकू उगाच ओढणी नीट करत बसली.

मग तो शुक्रवार आला. सोमवारी एका सात वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन होतं आणि शनिवारी तिची चाल टिपायची होती. तयारी म्हणून ठकू स्वतःच कॅमेऱ्यांसमोरून चालली. स्क्रीनवर पाहिलं, तर चौथ्या कॅमेऱ्यात तिचा पाय हवेत होता आणि एकदम जमिनीवर! मधलं काहीच नाही.

कॅमेरेवाला मशीन उघडून बसला. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. चेहरा उतरलेला.

"चूक माझी आहे. कॅमेरे लावायचे मागचे चारही पोर्ट वेगळे दिसतात, पण आत जाऊन एकाच वाटेला मिळतात. वाट अरुंद, त्यात गर्दी. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र वाट देणारं कार्ड लागेल. मी आधीच तपासायला हवं होतं."

"दुकानात मिळेल?"

त्याने फोन लावला. कार्ड मागवायला आठवडा लागणार होता. ठकू मटकन स्टुलावर बसली. मुलीच्या आईने दोनदा फोन करून विचारलं होतं, उद्या नक्की ना?

"माझ्याकडे आहे एक," तो म्हणाला. "माझ्या मशीनमधलं."

"आणि रविवारी त्याच मशीनवर फायनल मॅच रेकॉर्ड करायचीय ना तुम्हाला?"

त्याने लगेच मॅचच्या आयोजकाला फोन लावला. "साहेब, रविवारी दुसरं कुणी बघा... नाही, तब्येत ठणठणीत आहे. कार्ड दिलंय एका ठिकाणी." पलीकडून बराच आवाज चढला. त्याने तो ऐकून घेतला आणि फोन खिशात टाकला.

"वर्षभर वाट पाहिली होती ना त्या मॅचची?" ठकूचा आवाज बारीक झाला.

"फायनल पुढच्या वर्षीही असेल. ही मुलगी आज जशी चालते, तशी सोमवारनंतर कुणालाच दिसणार नाही."

शनिवारी मुलगी आली. भिंतीला धरून उभी राहिली, मग ठकूकडे बघत हात सोडून चालली. गेली, वळली, परत आली. "अजून एकदा चालू?" तिनेच विचारलं. कॅमेरेवाला स्क्रीनला नाक लावून होता. त्याने अंगठा वर केला. एकही फ्रेम गळली नव्हती. ठकूने टाच टेकतानाचं चित्र थांबवून पाहिलं. चारही बाजूंनी स्वच्छ. तिने ते तिथूनच सर्जनला पाठवलं.

मायलेकी गेल्या. तो वायरी गुंडाळू लागला. ठकू नुसतीच उभी.

"कार्ड राहू दे इथेच," तो म्हणाला. "नवीन येईपर्यंत मी रिकामाच आहे."

"मग उद्या संध्याकाळी याल?"

"का? काही अडलंय?"

"मशीनचं काही नाही अडलं..."

वायर त्याच्या हातातच राहिली.

"मला तुमच्याशी बोलायचंय," ठकूने एका दमात सांगून टाकलं. "एसएसडी नाही, रॅम नाही. नुसतं बोलायचंय. तुम्ही गेलात की ही खोली मला ओकीबोकी वाटते. आवडता तुम्ही मला. झालं सांगून."

त्याने हातातली वायर सावकाश टेबलावर ठेवली, आणि तिला वाटलं, उगाच बोललो आपण.

"मला त्या दुकानातच हे बोलायचं होतं," तो म्हणाला. "पण मध्ये मशीन आलं."

"मग आता?"

"आता... तू बोल. मी ऐकतो."

त्या 'तू'वर ठकू हसली आणि दुसरं स्टूल ओढून तिने त्याच्या शेजारी ठेवलं.