जमुनाबाईंच्या कॅसेटमधली दुसरी बाई

"मी थांबली का तू मधात घुसू नोको, दुर्गे. ते ओळ तिची हाय."

माझ्या सासूबाईंचं, जमुनाबाईंचं, हे बोलणं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण कार्तिक लागला की ते कानात येतंच.

ही गोष्ट खरी आहे. माझा कार्तिकाचा नेम चालू आहे, एक वेळच जेवते. नेमात असताना मी खोटं लिहिणार नाही. बाकी ज्याची त्याची मर्जी.

घडलं ते गोंदिया जिल्ह्यात सौंदडला, आमच्या घरी, याच कार्तिकात. मध्यरात्र नव्हती, अमावस्या नव्हती. जे झालं ते पहाटेच्या पूजेला, भर दुपारी आणि दिवेलागणीला झालं.

आधी कॅसेटचं सांगते.

कोजागिरीपासून कार्तिक पुनवेपर्यंत सासूबाई आणि शेजारच्या देवकाबाई रोज पहाटे तुळशीजवळ गाणी म्हणायच्या. सवाल-जवाबाची गाणी. सासूबाई विचारणार, "तुळसाबाई, पानी कोनं घातलं?" देवकाबाई उत्तर देणार, "घरच्या लेकीनं घातलं." असं दिवस उजाडेपर्यंत.

मग एका दिवाळीत देवकाबाई तापानं गेल्या.

पुढच्या कार्तिकात सासूबाई एकट्याच बसल्या. सवाल म्हणायच्या आणि थांबायच्या. एक ओळ म्हणायला लागेल एवढा वेळ. मग पुढचा सवाल. मी नवी सून, मला वाटलं विसरल्या. म्हणून मी उत्तर दिलं, आणि त्यांनी मला वरचं वाक्य ऐकवलं.

त्याच वर्षी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टेपरेकॉर्डर ठेवून ती गाणी भरून घेतली. साठ मिनिटांची कॅसेट. निम्मी गाणी, निम्म्या मोकळ्या जागा.

यंदा आषाढात मी ती कॅसेट गोंदियाला नेली. तिथे इंद्रकुमार नावाचे गृहस्थ जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतात. उतरवतानाच पट्टी तुटली.

"भाभीजी, एक ही बार निकला," ते म्हणाले. "पण पूर्ण निघालं. ह्या पेनड्राइव्हमध्ये फ्लॅक फाईल आहे, तीनशे एमबीची. फ्लॅक म्हणजे घडी घातलेलं लुगडं समजा. उघडलं की पूर्ण नऊवार. एमपीथ्री केलं तर छोटं होईल, पण ते काठ कापून छोटं. कापलेलं परत जोडता येत नाही."

एवढं साधं सांगितलं होतं. मला समजलं. घरात कोणालाच समजलं नाही.

घरी येऊन मी दुपारी चुलत दिराच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून घेतला आणि इयरफोन घालून ऐकलं. सासूबाईंनी विचारलं, "पानी कोनं घातलं?" आणि मग मोकळी जागा...

त्या जागेत कोणीतरी होतं.

अगदी हळू. पदराआडून बोलल्यासारखं. "घरच्या लेकीनं घातलं."

देवकाबाई.

ज्या कॅसेट भरायच्या वर्षभर आधी गेल्या होत्या.

मी भ्याले नाही. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. देवकाबाईंची एकुलती एक लेक निर्मलाबाई नवेगाव बांध या गावी दिली आहे. आईच्या शेवटच्या वेळी ती बाळंतीण होती, येऊ शकली नाही. तिच्याकडे आईचा धड एक फोटोही नाही. मी तिला फोन केला.

"माझ्या मायचा आवाज?" ती म्हणाली. मग विचारलं, "दुर्गाबाई, मले आयकवसान का?"

मी शब्द दिला. कार्तिकाच्या आत ऐकवीन.

आता चिडचिड सुरू होते ती इथून.

तिलक माझा चुलत दीर. एकाच आवारात राहतो, लग्नाच्या वरातीत साउंड लावतो. मी त्याला म्हटलं, ही फाईल माझ्या मोबाईलमध्ये टाकून दे. मोबाईल म्हणाला, मेमरी फुल.

"वहिनी, एवढी मोठी फाईल कायले पाह्यजे तुमाले?" तो म्हणाला. "एमपीथ्री करून देतो. जे कानाले आयकूच येत नाही, तेच काढून टाकते ते."

"मला ऐकू येतं, तिलक."

"तुमाले तर देवही आयकू येते."

हे हसले. माझा आवाज मुळातच लहान. चढवता येत नाही. त्यामुळे घरात माझं बोलणं पंख्याच्या आवाजात जातं.

त्यानं एमपीथ्री केली. मी ऐकली. सासूबाईंचा आवाज स्वच्छ, उलट जास्तच स्वच्छ. आणि मधल्या जागेत...

काही नाही. खोल विहिरीसारखं काही नाही.

"तिचा आवाज गेला," मी म्हटलं.

"चला, परीक्षा घेतो तुमची," तिलक म्हणाला. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, कानात इयरफोन. एकदा ही फाईल, एकदा ती, मनाला येईल तशी लावायची. मी सांगायचं कोणती.

दहा वेळा लावली. दहाही वेळा मी बरोबर सांगितलं.

तिलकनं इयरफोन गुंडाळले. मग म्हणाला, "मोबाईलच्या काचीत पाहून घेतलं असन तुमी."

मी उठून पाणी भरायला गेले.

कार्तिक लागला. चौथ्या दिवशी मी पेनड्राइव्ह मागितला, निर्मलाबाईकडे जायचं होतं. तिलकनं डोकं खाजवलं.

"त्यात मी वरातीची गाणी भरली ना जी. अर्जंट होती. पन तुमची एमपीथ्री हाय ना!"

फ्लॅक पुसली होती. इंद्रकुमारांना फोन केला, त्यांनी गिऱ्हाइकांच्या फाईली महिनाभर ठेवून काढून टाकलेल्या. कॅसेट तुटलेली. म्हणजे देवकाबाई कुठेच नव्हत्या.

"एवढं काऊन लावून घेता?" तिलक म्हणाला. "व्हाट्सअपवर टाकून देतो निर्मलाबाईले एमपीथ्री."

"तिला काय पाठवशील? मोकळी जागा?"

त्या दिवशी मी जेवलेच नाही. नेमात राग धरू नये म्हणतात. मी धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुळशीला दिवा लावला आणि घंटी वाजवली. वाजता वाजता...

घंटी हलत होती. आवाज नव्हता.

एक ओळ म्हणायला लागेल एवढा वेळ. मग परत वाजायला लागली.

मला वाटलं, उपासानं कान बंद झाले असतील. पण दुपारी वरण शिजत होतं, कुकरची शिट्टी उठली, वाफ निघताना दिसली... आणि आवाज मधूनच गेला. तेवढाच वेळ. संध्याकाळी स्टेशनवरून मालगाडी निघाली. ती धडधड मधूनच कोणीतरी कापून घेतल्यासारखी थांबली. गाडी चालतच होती.

ह्यांना सांगितलं. "थकली असशील तू," हे म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पण तिसऱ्या दिवशी अंगणात तिलक त्याचा मोठा बॉक्स तपासत होता. ढोलाचा आवाज पोटात घुमत होता. आणि एकदम...

सगळं बंद. बॉक्सवरचे दिवे लुकलुकत होते. त्याचे ओठ हलत होते, काहीतरी शिवी देत असावा. तीही ऐकू आली नाही.

मग आवाज परत आला. तिलकनं तारा पाहिल्या, सगळ्या जागच्या जागी. माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते.

"रोज तीनदा होतं, बाबू," मी म्हटलं. "तू पुसलं तेव्हापासून."

त्यानं लगेच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. पुसलेलं परत आणायचं काहीतरी सॉफ्टवेअर असतं म्हणे. एकादशीला दुपारी मला हाक मारली.

"वहिनी, आली वापस. वरून गानी भरली होती, यायले नाही पाह्यजे होती. पन आली. पूर्ण तीनशे एमबी."

मी हात जोडले. त्यानं इयरफोन आधी स्वतःच्या कानात घातले. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"मोठी माय कुठी गेली?" तो म्हणाला. सासूबाईंना तो मोठी माय म्हणायचा.

मी इयरफोन घेतले.

सुरुवातीला शांतता. सवाल म्हणायला लागेल एवढीच. मग...

"घरच्या लेकीनं घातलं."

आता हळू नाही. स्पष्ट. शेजारी पाटावर बसल्यासारखं.

परत शांतता. परत उत्तर. सासूबाईंचा एक शब्द नाही, खोकला नाही, बांगडी नाही. त्या एमपीथ्रीत तशाच आहेत, मी लगेच लावून पाहिलं. तिथे सगळे सवाल, इथे सगळे जवाब.

"मी दोन्ही फाईल जोडून देऊ का?" तिलकनं विचारलं. बोट बटणावर होतंच.

"हात लावू नको," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं एका झटक्यात ऐकलं.

मी तासभर बसून शेवटपर्यंत ऐकलं. शेवटचं गाणं संपलं. कॅसेटची घरघर तेवढी उरली. मी इयरफोन काढणार, एवढ्यात...

"निर्मी आली का व?"

हे कोणत्याच गाण्यात नाही.

कोणाला विचारत होत्या? सासूबाई त्या फाईलमध्ये नाहीत. ऐकणारी मी एकटी होते.

"आणते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मग म्हटलं, "नाही, मीच तिच्याकडे घेऊन जाते."

घरघर थांबली. फाईल संपली होती की नाही, मी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून घरातला कुठलाच आवाज कापला गेला नाही. पण मला बरं वाटत नाही. सासूबाई त्या फाईलमधून निघून कुठे गेल्या, हे मला कोणी सांगत नाही. देवकाबाई जवाब देत आहेत, तर सवाल त्यांना कुठून ऐकू येतो?

तिलक आता म्हणतो, मोबाईलवर पाठवून मोकळ्या व्हा. पाठवताना तो मोबाईल काय काय कापेल, कोणाला माहीत. आणि निर्मलाबाईनं हे एकटीनं ऐकावं असं मला वाटत नाही.

आज कार्तिक पुनव. माझा नेम आज सुटतो, निर्मलाबाईला दिलेली मुदतही. पूजा झाली आहे. हे सगळं चुलीजवळ बसून लिहिलं, कारण परत येईन तेव्हा असंच लिहिता येईल की नाही, सांगता येत नाही.

तिलकचा लॅपटॉप पिशवीत घेतला आहे. तो कसा लावायचा, काल त्यानं दोनदा दाखवलं. पेनड्राइव्ह कुंकवाच्या रिकाम्या डबीत, डबी फडक्यात. निर्मलाबाईसाठी थोडे पोहे. कोहमाऱ्यापर्यंत एक बस, तिथून नवेगाव बांधची दुसरी.

हे अजून झोपलेत. उठवत नाही.

दार हळूच ओढून घेते, आणि निघते.