पटावरची रेघ

“बाबा... माझ्याच नावावर?”

लाल पेन हातात धरून लेक हेडमास्तर असलेल्या बापाकडे बघतच राहिली. त्यांच्या हजेरीपटातल्या महिनाअखेरच्या बेरजा तिच्याच वळणदार अक्षरात असायच्या!

“उद्या तपासणी आहे. अवघी चाळीस पोरं पटावर! एकट्या तुझ्या खाड्यांनी हजेरी घसरली तर शाळेला कुलूप लागेल. मार रेघ.”

खाडे होणार नाहीत तर काय? आई अर्धांगवायूने पडून. तिची कूस बदलायची, तिला पुसायचं, भरवायचं... आणि हेडमास्तरांनी एकोणीस वर्षांत एकही रजा घेतली नव्हती, याचं त्यांना कोण कौतुक! हे सगळं लेकीच्या ओठांपर्यंत आलं, पण तिने निमूटपणे पट्टी लावून सरळ रेघ मारली.

शाळा वाचली. तपासणीचे साहेब घरी चहाला आले, हेडमास्तरांची पाठ थोपटून त्यांनी सहज विचारलं, “मुलगी कितवीत आहे?”

“तिचं डोकं नाही हो अभ्यासात,” हेडमास्तर हसून म्हणाले.

कपबशा घेऊन आलेल्या लेकीच्या काळजाला घरं पडली! आतल्या खोलीत आईनेही ते ऐकलं, आणि त्या माउलीने लेकीच्या हातचा घास घेणंच सोडलं. चमचा पुढे आला की ओठ घट्ट मिटायचे, आणि मग वाकड्या तोंडातून कसाबसा एकच शब्द... “शाळा.”

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर हादरले. आयुष्यातली पहिली रजा टाकून ते बायकोच्या उशाशी बसले, आणि लेक दप्तर घेऊन निघाली.

“पटावर नाव नाही गं तुझं,” वर्गातल्या बाई म्हणाल्या. “साहेब कधीही येऊन डोकी मोजतात. पटाबाहेरचं कुणी बसवायचं नाही, तुझ्याच वडिलांचा हुकूम आहे.” मुली फिदीफिदी हसल्या. शाळा सुटेपर्यंत ती फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली.

“आई, बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं!” घरात शिरताच ती म्हणाली. “गणितही सुटलं!”

आईने तोंड उघडलं... घास घेतला!

आपलाच हुकूम आठवून हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीच्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन, तिचे दोन्ही हात धरून ते ढसाढसा रडले. “उद्याच नाव घालतो गं पोरी... मला क्षमा कर!”

“आणि शाळा, बाबा?” त्यांचे डोळे पुसत ती म्हणाली.



सकाळी हेडमास्तरांनी पट मिटलेलाच ठेवून स्वतःच्या हाताने तिच्या दप्तरात पुस्तकं भरली, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “वर्गात नीट लक्ष दे हं, बाळ!”