ताऊवूचा हक्क

सेकोवेने मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याने माझी रोटी खाल्ली.

आमच्या बेटांच्या देशाची राजधानी सुवा, तिथल्या बसस्थानकावर पाऊस भुरभुरत होता. मी बाकावर बसून बटाट्याच्या भाजीची गरम रोटी नुकतीच उलगडली होती. शेजारी एक उंच मुलगा येऊन टेकला. ओले कुरळे केस, कानामागे जास्वंद...

"कुठल्या बेटाची गं तू?"

मी माझं नाव सांगितलं, वासेमाथा, आणि बाबांच्या बेटाचंही. त्याचे डोळे चमकले, आणि माझी रोटी थेट त्याच्या तोंडात!

"अरे! काही लाज?"

"ताऊवूपुढे कसली लाज?" तो चावत म्हणाला. "मी वुनितोंगोचा."

मी कपाळावर हात मारला. आमच्या बेटाचा आणि त्याच्या गावाचा मूळ देव एकच, म्हणून आम्ही एकमेकांचे ताऊवू. ताऊवूने ताऊवूला वाट्टेल ते बोलावं, थापा माराव्या, आवडेल ती वस्तू न विचारता उचलावी, आणि समोरच्याने रागवायचं नाही, असा वाडवडिलांपासूनचा रिवाज. माझं नशीब असं, की विद्यापीठ आम्हा सहा जणांना महिनाभरासाठी पाठवत होतं ते नेमकं वुनितोंगोलाच. हा रोटीचोरही आमच्याच गटात होता, लाउतोकाच्या शाखेतून आलेला.

सकाळी आम्ही काठावर कांदळाची रोपं लावायचो. दुपारी माझा अभ्यास सुरू व्हायचा. गावातल्या बायका खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचतात. त्या कमी होताहेत का, ते शोधून शेवटच्या शनिवारी गावसभेत सांगायचं होतं. त्यावरून गाव ठरवणार होतं, खाडी दोन वर्षं बंद ठेवायची की नाही. माझं चुकलं, तर खाडी संपणार होती.

मी बेचाळीस घरं पालथी घातली. प्रत्येक घरी कसावा खाल्ला, प्रत्येक घरी प्रश्न विचारले.

"तिसऱ्या? ओइलेइ, तासाभरात चार टोपल्या!" बू मेरेसेइनी म्हणाल्या. गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई, सेकोवेची आजी; आजीला तिथे बू म्हणतात. "तुमच्या बेटावर आहे का असं काही?"

घरोघरी हेच. मी खूश! खाडी ठणठणीत आहे, असा अहवालही लिहायला घेतला.

आणि एका दुपारी बू चिखलातून परतताना दिसल्या. पहाटे गेल्या होत्या. टोपली अर्धीसुद्धा भरलेली नव्हती, आणि तिसऱ्या नखाएवढ्या.

"बू! चार टोपल्या म्हणाला होतात ना?"

त्या पोट धरून हसल्या. "पोरी, ताऊवूला कधी कुणी खरं सांगतं का? आम्ही मस्त बनवलं तुला!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बेचाळीस घरं, बेचाळीस थापा... आणि सभेला उरले आठ दिवस. मी तडक सेकोवेला गाठलं.

"तुला माहीत होतं!"

"होतं." तो खाली बघत म्हणाला. "पहिल्याच दिवशी गावभर मीच सांगितलं, आपली ताऊवू आलीय म्हणून. गंमत वाटली. तू ते सगळं खरं मानून लिहिशील असं... वासेमाथा, मी गाढव आहे."

"गाढव कामाचं असतं. तू कशाचा?"

"मग मला कामाला लाव," तो म्हणाला.

त्यानेच मला स्वयंपाकघरांच्या मागे नेलं. तिथे शिंपल्यांचे ढीग होते, वर्षानुवर्षं टाकलेले. माणसं थापा मारतात, उकिरडा मारत नाही! आम्ही ढीग वरून खाली खणत गेलो. तो पट्टीने मोजायचा, मी लिहायची. तळाशी तळहाताएवढे शिंपले, मधे बोटभर, वर नखाएवढे.

"छत्तीस," तो सांगायचा.

"मिलिमीटर?"

"नाही, तू आज कितीदा माझ्याकडे बघितलंस ते."

"तोंड बघ स्वतःचं... चिखलातला खेकडा!"

पण मी बघत होते, हे खरं. पट्टी देता-घेता बोटं लागायची, आणि ती मागे घ्यायची घाई दोघांनाही नसायची.

शनिवार उजाडला. सभागृहात चटईवर सगळा गाव बसला. यांगोना या मुळांच्या पेयाची करवंटी फिरली. गावप्रमुख खाकरून म्हणाले, "विद्यार्थ्यांचे आभार. आमची खाडी भरलेली आहे, देवाची कृपा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराजवळ आलेख घेऊन उभी. पाहुणी, वयाने लहान, त्यात मुलगी. मोठ्यांना खोटं पाडायचं कसं?

सेकोवे कानाशी कुजबुजला, "विद्यार्थिनी म्हणून घाबरतेयस ना? मग ताऊवू म्हणून बोल."

मी आलेख बाजूला ठेवले. चटईवर शिंपले मांडले, मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत, एका रांगेत.

"खादाडांनो!" मी ओरडले. सभा गार. "हे तुमच्या आज्यांनी खाल्लं. हे तुमच्या आयांनी. आणि तुम्ही? तिसऱ्यांची तान्ही पोरं गिळताय, आणि वर चार टोपल्यांच्या बढाया! उद्या तुमच्या नातवंडांना काय वाढाल, थापा?"

मग बू मेरेसेइनी उठल्या. हसल्या नाहीत.

"पोरगी खरं बोलतेय. पहाटेपासून दुपारपर्यंत राबते, तरी माझी अर्धी टोपली भरत नाही. सांगायची लाज वाटत होती."

एकेक बाई बोलू लागली. प्रमुखांनी सगळ्यांत लहान शिंपला उचलून कितीतरी वेळ पाहिला, आणि एकदम खदखदून हसले. "शिव्या द्यायला परगावची ताऊवू लागली आम्हाला!" खाडी दोन वर्षं बंद! रिवाजाप्रमाणे तळहात पोकळ करून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनी माझे डोळे भरून आले. जिंकलो होतो आम्ही!

सोमवारी निघायची वेळ झाली. बस आली. सेकोवे आणखी आठवडाभर घरीच राहणार होता. पायरीवर बसून तो नुसता पायाने माती उकरत होता.

"रोटी खाल्ली, छत्री घेतली, पेन घेतलं तुझं," तो म्हणाला. "तू मात्र माझ्याकडून काहीच नेलं नाहीस. ताऊवूचा हक्क... वाया जाईल."

"काहीही उचलता येतं?"

"काहीही."

"न विचारता?"

"न विचारता."

मी त्याचा हात धरला. "मग ऊठ."

तो उठला. "वासे... मी कधीचा..."

"ठाऊक आहे. मीसुद्धा. बस सुटेल!"

बू दारातून सगळं पाहत होत्या. "अगं ए चोरट्ये! माझा नातू कुठे नेतेस?"

"हक्काने नेतेय, बू!"

"ने, ने! फक्त दोन वर्षांनी खाडी उघडेल, तेव्हा परत आण. दोघं मिळून टोपली भरा माझी!"

बस हलली. बूंनी बांधून दिलेला कसावा मी उलगडला, आणि त्याने हात घालायच्या आतच अर्धा त्याच्या हातावर ठेवला.